बर्फाच्या धड्यातला श्वास

पहिल्या तासाला मी वर्गात एक जर्मन वाक्य म्हटलं, मुलांनी ते माझ्यामागून म्हटलं, आणि आपल्या पाठीशी कोणीतरी उभं आहे असं वाटून मी वळले. मागे फक्त फळा होता.

वाक्य साधं होतं. बाहेर बर्फ पडतो आहे आणि आई दिवा लावते आहे. मी ते कॉलेजात शिकले तसं एका दमात म्हटलं होतं. सातवीच्या मुलांनी मात्र ‘बर्फ पडतो आहे’पर्यंत म्हटलं, तिथे सगळी एकदम थांबली, सगळ्यांनी एकदम श्वास आत घेतला, आणि उरलेलं वाक्य खालच्या, थकलेल्या आवाजात पुरं केलं. मी पुन्हा म्हटलं. पुन्हा तसंच. बारा वर्षांच्या मुलांच्या तोंडून कोणीतरी वयस्क बाई बोलत होती, आणि त्यांच्या चेहऱ्यांवर त्याचा पत्ताही नव्हता. एकीने तर डेस्कखाली चिंचा सोलत सोलतच तो श्वास घेतला.

गिरगावातली ती खासगी इंग्रजी शाळा सरकारी मदत घेत नसे, म्हणून जर्मन ठेवण्याची चैन तिला परवडत होती. मला ती नोकरी दिवाळीनंतर मिळाली, वर्षाच्या मध्येच. आधीच्या जर्मनच्या बाई सुट्टीत वारल्या, एवढंच मला सांगितलं होतं. कॉलेजात मी जर्मन घेतलं होतं ते त्या वर्गात मुली चारच होत्या आणि तिथे कोणी फारसं बोलत नसे म्हणून. शिकवायची वेळ येईल असं काही मनात नव्हतं.

स्टाफरूममध्ये मराठीचे मास्तर माझी वाटच पाहत असत. ते मुंबईसकट मराठी राज्य मागणाऱ्या चळवळीत होते. सकाळी प्रभातफेरी करून, बसलेल्या घशानेच शाळेत येत.

"या, जर्मनीच्या राणीसाहेब," ते म्हणत. "बाहेर आम्ही मराठीसाठी लाठ्या खातोय आणि तुमचं इथे डेर-डी-डास!"

मी वहीत डोकं घालून बसे. माझं मराठी घरातलं, दादरच्या आत्यांशी बोलण्यापुरतं. चारचौघांत वाक्य जुळवेपर्यंत विषय पुढे गेलेला असे. पण त्या दिवशी मी विचारलं, की मुलं मध्येच अशी का थांबतात.

मास्तरांनी कप खाली ठेवला.

"अजून थांबतात?"

"हो. सगळी."

"आधीच्या बाई तशा बोलायच्या हो. शेवटचं वर्षभर. हृदयाचं दुखणं. तीन जिने चढून यायच्या, टेबलाला धरून उभ्या राहायच्या, आणि वाक्य अर्ध्यावर आलं की दम घ्यायच्या. आम्ही म्हणायचो, बाई, बसून शिकवा. तर म्हणायच्या, बसून जर्मन येत नाही."

मग उलगडलं. बाईंचं लहानपण वडिलांबरोबर जर्मनीत गेलं होतं. आधी कान, मग डोळे, अशी त्यांची पद्धत. पहिलं वर्षभर पुस्तक उघडायचंच नाही. बाई म्हणतील तसं म्हणायचं. या वर्गाने भाषेबरोबर त्यांचं दुखणंही पाठ केलं होतं. मुलांना वाटलं, जर्मन असंच बोलतात.

त्या गुरुवारी वर्गाबाहेरच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ बसलेले दिसले. धोतर, काळा कोट, गुडघ्यांमध्ये काठी. कोणाचे तरी आजोबा असतील म्हणून मी लक्ष दिलं नाही. तास संपल्यावर ते उठले.

"नवीन बाई ना तुम्ही? मी आधीच्या बाईंचा..." ते थांबले. "यजमान."

"काही हवं होतं का, काका?"

"नाही, नाही. गुरुवारी येऊन बसतो. हेडमिस्ट्रेसबाईंना विचारलंय मी." त्यांनी आत पाहिलं. मुलं दप्तरं आपटत पळत होती. "फोटो आहे हो तिचा घरी. पण फोटोला काय, हार घालायचा. आवाज इथे राहिलाय. तुमची हरकत नाही ना?"

मी मान हलवली. त्यांना जर्मनचं एक अक्षर येत नव्हतं. बाई रोज सकाळी घरी धडा मोठ्याने म्हणून बघत आणि हे खिडकीशी दाढी करत, एवढाच त्यांचा त्या भाषेशी संबंध. पण कुठल्या वाक्यानंतर कुठलं येतं हे त्यांना आवाजावरून कळे. बर्फाचा धडा सुरू झाला की बाकावरची काठी अगदी स्तब्ध व्हायची.

आठवड्याभरात हेडमिस्ट्रेसनी मला बोलावलं. त्या पारशी होत्या. मराठी फक्त शिपायांशी आणि रागावल्यावर बोलत. त्या दिवशी मराठीच बोलल्या.

"तुमचा सगळा वर्गला दमा झाला काय? मार्चमधे बाहेरचा परीक्षक येल, तोंडी परीक्षा घेल. त्याच्यासमोर असा धापा टाकेल तर जर्मन बंद. मग तुमी पन बंद."

"आणि ते बाहेर बसतात ते?"

त्या एकदम इंग्रजीत शिरल्या आणि सौम्य झाल्या. त्यांना बसू द्या, म्हणाल्या. पण मुलं सुधारा.

म्हणजे त्या गृहस्थांचं जे काही उरलं होतं ते पुसायचं काम माझ्याकडे आलं, आणि तेही त्यांच्यादेखत. मी मध्यम मार्ग काढला. इतर दिवशी नवे धडे, माझ्या उच्चारात, न थांबता. गुरुवारी बर्फाचा धडा, जसा होता तसा. त्या दिवशी मी फक्त बोटाने खूण करायची आणि मागे सरायची. वर्गात अंधारून आल्यासारखं वाटे. पस्तीस छात्या एकदम वर येत, एकदम खाली जात. मी हळूहळू तो आवाज ओळखायला लागले; कुठे तो चढतो, कुठे शब्द सांडायला येतो, कुठे बाईंचा हात टेबलाकडे गेला असेल. जिवंतपणी मी त्यांना पाहिलंही नव्हतं.

नाताळनंतर शहर पेटलं. ठाकूरद्वाराकडे दगड, अश्रुधूर, गोळीबार. ट्रामचे रूळ उखडलेले. आमच्या दादरलाही कर्फ्यू. शाळा बंद झाली ती उघडायचं नाव घेईना. वडील दिवसभर रेडिओला कान लावून बसत. मी आतल्या खोलीत पुस्तक घेऊन बसे. एकदा आई डाळ निवडत होती, ती ताट बाजूला ठेवून माझ्यापाशी आली.

"तुला दम लागतो का ग हल्ली?"

"नाही."

"मग वाचताना मध्ये अशी का थांबतेस?"

मी पुस्तक मिटलं. मी मोठ्याने वाचते आहे हेच मला कळलं नव्हतं. बाहेर रस्ता इतका सामसूम होता की आईने पुन्हा डाळ हातात घेतली तो आवाजसुद्धा मला दचकवून गेला.

शाळा उघडली तेव्हा मुलं उन्हात रापलेली आणि घसे बसलेली. चाळीच्या गॅलरीतून, गच्चीवरून, जिथून जमेल तिथून सगळ्यांनी घोषणा दिल्या होत्या. पहिलाच गुरुवार. काका वेळेआधी येऊन बसले होते. मी बोटाने खूण केली.

बाहेर बर्फ पडतो आहे आणि आई दिवा लावते आहे, हे मुलांनी एका दमात, छाती पुढे काढून, ठोक्यावर ठोका देत म्हटलं. शेवटचा शब्द तर "झालाच पाहिजे"सारखा छतावर आदळला. चिंचा सोलणाऱ्या मुलीने मूठ उगारायचीच बाकी होती. मुलं स्वतःच हसायला लागली. मी पुन्हा खूण केली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी, जे कधी केलं नव्हतं ते केलं. त्यांना म्हटलं, पूर्वी कसं म्हणायचात, तसं म्हणा.

"कसं, मिस?" त्यांनी खरोखरच विचारलं.

पलीकडच्या वर्गातून मास्तरांनी डोकावून टाळी वाजवली. "वा! आता जमली तुमची जर्मन!" त्यांची काही चूक नव्हती. मार्चची काळजी मिटली होती.

तास संपून मुलं गेली. काका दारात आले.

"आज दुसरी मुलं आहेत का?"

"नाही काका. तीच."

"तीच?"

"हो."

त्यांनी रिकामे बाक पाहिले. मग एकेक करून, जणू हजेरी घ्यावी तसे, पुन्हा पाहिले. "बरं," असं म्हणून ते काठी टेकत जिन्याकडे निघाले. मी हातातला खडू खाली ठेवला. मला कोणाशीही बोलताना आधी मनात तीनदा वाक्य म्हणून बघायची सवय. त्या दिवशी ते तसंच तोंडातून निघून गेलं.

"काका, मी म्हणून दाखवू?"

ते परत आले. वर्गात आले, पहिल्यांदाच, आणि पुढच्या बाकावर बसले. बाक लहान होता. काठी कुठे ठेवावी त्यांना कळेना. मी टेबलामागे उभी राहिले आणि सुरुवात केली. आवाज कसा लावायचा ते शोधावं लागलं नाही. तो होताच. बर्फापर्यंत आले, टेबलाच्या कडेला हात गेला, आणि मी श्वास घेतला.

"पाणी देऊ का ग?" ते म्हणाले.

डोळे उघडे होते त्यांचे. माझ्याकडेच पाहत होते, आणि काठी टेकवून अर्धवट उठलेही होते. मी साडीचा पदर हाताशी धरला. खाली रस्त्यावरून भाजीवाली ओरडत गेली. आतापर्यंत ते मला "तुम्ही" म्हणत होते. मी "काका" म्हणायला हवं होतं.

"नको," मी म्हटलं.

"मग म्हण पुढे. सावकाश."

ते पुन्हा बसले. मी उरलेलं वाक्य पुरं केलं, पुढचं घेतलं, आणि थांबायचं तिथे थांबले.