भिकू शिंप्याचं उठणं

आमचे आबा, भिकू शिंपी. मुळशीत तेव्हा शिवणाचं मशीन एकच, आणि ते आमच्या ओटीवर. सकाळी मशीनवर बसले की आबा थेट भाकरीलाच उठायचे. अठ्ठावन्न साली त्यांची कंबर धरली आणि उजवा पाय बधिर पडू लागला. पौडच्या डॉक्टरांनी सांगितलं, थोड्या थोड्या वेळानं उठून उभे राहा, नाहीतर वर्षभरात हा पाय मशीन चालवायचा नाही. झालं, आबांचं चित्त थाऱ्यावर राहीना. पाय गेला तर घरातल्या पाच तोंडांनी खायचं काय?

पण उठायचं लक्षात कसं राहावं? घरात घड्याळ नव्हतं. एक बाही झाली की उठायचं, असं त्यांनी ठरवलं. हात चालायला लागला की तीन बाह्या होऊन जायच्या. मी लेक म्हणून आठवण करायला गेले, तर माझ्यावरच खेकसायचे. माणूस मुलखाचा हट्टी. त्यात उगीच उभं राहिलेलं कुणी पाहिलं तर शिंपी आळशी झाला म्हणतील, ही धास्ती वेगळीच. शेवटी त्यांनी युक्ती काढली. वाटेनं मोठं माणूस गेलं की उठून रामराम घालायची गावाची रीतच होती. आबा येईल-जाईल त्याच्यासाठी उठू लागले. वाट रिकामी होईपर्यंत उभे राहायचे, मग बसायचे, आणि बसल्याबरोबर डोळे पुन्हा वाटेवर. दुपारी कुणी फिरकलं नाही की त्यांचा जीव नुसता खालीवर व्हायचा. पण महिन्याभरात पाय हलका झाला.

बिघडलं ते जयसिंगराव पाटलांमुळे. त्यांच्या मुलीच्या लग्नाचं सगळं शिवण आमच्याकडे आलं होतं. त्यावर आमचा पावसाळा निघणार होता. ते माप द्यायला आले. आबा उठले, माप घेतलं, बसले. तेवढ्यात मेंढरं राखणारी चिमाबाई काखेत कोकरू घेऊन वाटेनं आली. आबा पुन्हा उठले, तिलाही रामराम घातला. पाटलांचा चेहरा लाल झाला.

“मला उठतोस आन् हिलाबी? तुज्या कमरंचं मला ठावं हाय, भिकू. कमरंसाटी उठलो, असं म्हन हिच्यासमोर. न्हाईतर कापड दे माघारी.”

खोटं काही बोलायचं नव्हतंच. एक वाक्य, की काम हातात. पण आबांना बोलता येईना आणि बसताही येईना. या पायावरून त्या पायावर नुसते हलत राहिले. मला त्यांचा भयंकर राग आला. बोला की एकदाचं, असं मी मनात घोकत होते.

चिमाबाई पुढं निघाली होती, ती थांबली.

“त्येंच्या कमरंचं मला पयल्या दिसापासनं ठावं हाय, पाटील,” ती म्हणाली. “तरीबी मेंढरं लांबनं वळवून मी रोज दोनदा ह्याच वाटंनं येती. माज्यासाटी आजवर कोन उठलंय?”

आबांनी लग्नाचं कापड नीट घडी घालून पाटलांच्या हातात दिलं.

“कालपातूर कमरंसाटी उठत हुतो, पाटील,” ते म्हणाले. “आज न्हाई.”

तो पावसाळा आम्ही नाचणीच्या आंबिलीवर काढला. माझा राग काही दिवस गेला नाही, हेही सांगते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मेंढरांचा आवाज अजून ओढ्यापलीकडेच होता, तेव्हाच आबा मशीनवरून उठून उभे राहिले होते.