मे महिन्यातल्या कढत आंघोळी

महादेवरावांनी गच्चीवर वीज आणि गरम पाणी दोन्ही देणारं सोलर पॅनल बसवलं आणि घरादाराचं सुख गेलं. बसवणारा सांगून गेला होता, "पॅनल तापलं की वीज कमी बनते. गरम पाणी वापरत राहा, म्हणजे ते थंड राहते." महादेवरावांनी ते वेदवाक्य मानलं.

भर मे महिना, पारा शेहेचाळीसवर, आणि दुपारी दोन वाजता महादेवराव गच्चीवरच्या मीटरसमोरून ओरडत, "वीज कमी होऊन राहिली! चला आंघोळीले!" दिवसाला चार कढत आंघोळी! सुनेनं माहेर गाठलं, आंघोळीला बोलावतील म्हणून शेजारी दार उघडेनात.

"एवढी वीज काहून पायजे?" लालबुंद झालेल्या त्यांच्या बायकोनं, गोपिकाबाईंनी विचारलं.

"कूलर चालवाले, वं!"



दुसऱ्या दिवशी खोलीत कूलर नव्हता. महादेवराव धापा टाकत गच्चीवर गेले, तर कूलर पॅनलसमोर घरघरत होता.

"घ्या, तुमच्या या लाडक्या जावयाले थेट हवा लावली," गोपिकाबाई म्हणाल्या. "आता आमच्या आंघोळी बंद!"

भडकण्याआधी महादेवरावांनी मीटर पाहिलं. वीज खरंच जराशी वाढली होती. ते मुकाट्यानं खाली गेले आणि टेबलफॅनही वर घेऊन आले.