चितळकर साहेबांचं पक्कं घर

डॉ. चितळकरांना चहा हवा का असं विचारलं, तरी ते "शास्त्रीयदृष्ट्या बोलायचं तर..." अशी सुरुवात करत. तलासरीकडे जमीन सारखी हलू लागली, तेव्हा लोकांना भूकंप समजावून सांगायला या गृहस्थांना पाठवलं होतं. पाड्यावर त्यांचं बोलणं कुणाला कळेना, म्हणून दुभाष्या म्हणून मला, शाळेच्या मास्तरला, सोबत दिलं. इतका पोकळ विद्वान मी दुसरा पाहिला नाही.

पहिल्याच सभेत त्यांनी पाऊण तास पडद्यावर आलेख दाखवले. बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. शेवटी जेठीबाई उठली. तिचं सरकारी योजनेतलं नवं विटांचं घर होतं आणि शेजारीच जुनं कुडाचं, कारवीच्या काठ्यांवर माती लिंपलेलं. विटांच्या भिंतीला भेग पडली होती.

"सायेब, येवढंच सांग. नातवांना इटाच्या घरात निजवू का कुडात? कूड हालतो, पन पडत नाय."

मी प्रश्न समजावून सांगितला. साहेब हसले. "शास्त्रीयदृष्ट्या बोलायचं तर, पक्कं ते पक्कं. काठ्यांच्या झोपडीत राहू नका म्हणावं." भेग बघायला हा माणूस वीस पावलंही चालला नाही. माझं डोकं फिरलं. मी जेठीबाईला सांगितलं, "सायेब म्हणतात, कुडातच निजव."

पंधरवड्यात विटांची ती भिंत धक्क्याने आतल्या बाजूला कोसळली. नातवंडं कुडात होती. कुडाची ओंजळभर माती पडली, इतकंच.

तालुक्याच्या बैठकीत साहेबांनी नातवंडं वाचली हे आपल्या जनजागृतीचं यश म्हणून मिरवलं. त्याच दमात शिफारस केली, की कुडाची घरं मोडून सगळ्यांना विटांची द्यावीत. अधिकाऱ्यांनी माना डोलावल्या. त्यातल्या एकानेही कूड आतून पाहिलेला नव्हता. मी मागच्या खुर्चीत गप्प बसलो.

साहेब सत्कार घेऊन परत गेले. मागाहून त्यांच्या शिफारशीचा सरकारी कागद आला, तो जेठीबाईने माझ्याकडून वाचून घेतला. कूड मोडला तरच नवी भिंत मिळणार होती.

"सायबाचा कागद हाय ना?" तिने कोयता उचलला. "तवा त्याचंच खरं झालं. आताबी खरंच असंल."

तेव्हा मला खरं सांगावंच लागलं. साहेब काय म्हणाले होते आणि मी काय सांगितलं, सगळं.

तिने कोयता खाली ठेवला.

"मंग मास्तर, तिथं बैठकीत का नाय बोललास?"