रेखाताई ‘झालं’ म्हणत नव्हत्या

रेखाताई गेल्याचं ऑफिसच्या ग्रुपवर आलं आणि हात जोडल्याचं पहिलं चित्र टाकलं ते आमच्या साहेबांनी. खाली लिहिलं, ‘कधीही न भरून निघणारी हानी.’ माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दीड महिना झाला, अजून उतरलेली नाही. मेलेल्या माणसामागे गोड बोलावं म्हणतात... बोलेन, पण फक्त मेलेल्या माणसाबद्दल.

रेखाताई सारंगखेड्याच्या. नंदुरबारच्या आमच्या छोट्या सॉफ्टवेअर ऑफिसात आम्ही प्रोग्रॅम लिहायचो आणि त्या ते तपासायच्या. एका मिरची व्यापाऱ्यासाठी आम्ही मोबाइल ॲप करत होतो. मिरची विकायला शेतकऱ्याने घरूनच नंबर लावायचा, पाळी आली की गाडी घेऊन यायचं. दर पंधरवड्याला कामाचा एक तुकडा पूर्ण करायचा आणि बोर्डावरचं त्याचं कार्ड ‘डन’च्या रकान्यात सरकवायचं. भांडण तिथंच! मी कोड लिहिला की माझं डन. साहेबांनी व्यापाऱ्याला पडद्यावर दाखवलं की त्यांचं डन. एकदा साहेब म्हणाले, “झालंच आहे, फक्त टेस्टिंग बाकी.” रेखाताई फाडकन म्हणाल्या, “म्हंजे लगीन लागी गयं, फक्त नवरी येवानी बाकी शे!” सगळं ऑफिस हसलं, साहेब सोडून.

शेवटी त्यांनी आम्हा सगळ्यांकडून एक नियम कबूल करून घेतला. मिरच्या वाळवतात त्या पथारीवर जायचं, मोबाइलचं नेट बंद करायचं, तो एखाद्या शेतकऱ्याच्या हातात द्यायचा आणि गप्प उभं राहायचं. तो स्वतःहून ‘व्हयनं’, म्हणजे ‘झालं’, म्हणाला, तरच काम झालं. साहेबांनीही मान डोलावली होती, माझ्यासमोर.

हंगाम तोंडावर आला आणि रेखाताई किडनीच्या दुखण्याने दवाखान्यात पडल्या. नंबर लावण्याच्या कामाचं कार्ड त्यांनी अडवून ठेवलं होतं, कारण नेट गेलं की लावलेले नंबर पुसले जायचे. साहेबांनी ते गुपचूप ‘डन’मध्ये ढकललं. पहिल्याच दिवशी नेट गेलं, नंबर गेले आणि ओल्या मिरचीच्या गाड्या दिवसभर उन्हात खोळंबल्या. शेतकऱ्यांनी आमचा उद्धार केला. व्यापाऱ्यासमोर साहेब शांतपणे म्हणाले, “रेखाताईंचं टेस्टिंग कच्चं राहिलं.” मी शेजारीच बसलो होतो. सगळं माहीत होतं, पण तोंडाला कुलूप. नोकरी प्यारी होती, दुसरं काय!

दवाखान्यात गेलो तर त्यांना आधीच कळलेलं. “भाऊ, तू तं तठेच व्हता ना? मंग काय बोलना?” मी बाहेर फोनवर होतो, असं मी सांगितलं. त्यांनी मोसंबी सोलून अर्धी माझ्या हातावर ठेवली. ती मी खाल्ली... तीही खाल्ली! आठवड्याने त्या गेल्या. कच्चं काम करणारी बाई, हा शिक्का घेऊन गेल्या.

शोकसभेला ते मिरची व्यापारीही आले. साहेबांनी गळा काढला, “रेखाताईंनी आम्हाला चोख काम शिकवलं.” मी उठलो, लॅपटॉप पडद्याला जोडला आणि त्या कार्डाचा इतिहास उघडला. कोणतं कार्ड कोणी, कधी सरकवलं, सगळं तिथं लिहिलेलं असतं. रेखाताईंचा शेरा होता, ‘नेट गेलं की नंबर जातात. झालेलं नाही.’ त्याखाली, ते ‘डन’मध्ये सरकवणाऱ्याचं नाव. साहेबांचं. “आणि हे मला तेव्हाच माहीत होतं,” मी म्हणालो. व्यापारी आमच्या साहेबांना एवढंच म्हणाले, “आते कोनतंबी काम व्हयनं का नही, ते तुम्ही सोता पथारीवर ईसन इचारानं.”

परवा साहेब पथारीवर उभे होते. नेट बंद, मोबाइल एका म्हातारीच्या हातात. मी मुद्दाम सगळ्यात खाष्ट आजी निवडली होती. शिंकून शिंकून साहेबांचं नाक लाल, डोळे गळतायत. मिरच्या निवडणाऱ्या बायका पदराआड हसत होत्या.

“आजी, झालं का?”

“नही व्हयनं. पह्यलेपाईन दखाड.”

साहेबांनी तिसऱ्यांदा पहिल्यापासून दाखवलं. रेखाताईंपायी त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं ते असं, मिरचीने. माझ्या खिशात धुतलेला रुमाल होता. मी तो दिला नाही.