काळा शेवटी

१० ऑगस्ट, रविवार, सकाळी सव्वासात. ठिकाण: लालबागच्या चाळीतली तिसऱ्या मजल्यावरची गॅलरी. हजर: मी, शेजारच्या काकी, कढीपत्त्याची कुंडी आणि तिच्या फांदीला चिकटलेला फुलपाखराचा एक कोश. गैरहजर: सासरे. ते आत दाढी करत होते.

रविवारच्या यादीत कुंड्या साफ करणं चौथं. वाळकी पानं काढताना हात थांबला. काल हिरवा असलेला कोश काळा पडला होता. कुजला, मी म्हणाले. काकी म्हणाल्या, बरं झालं, तुझ्या यादीतलं एक काम कमी. मी कोश फांदीसकट कापला, ओल्या कचऱ्याच्या बादलीत टाकला, झाकण लावलं आणि यादीवर खूण केली.

सासरे गिरणीच्या छपाई खात्यात होते. त्यांचा डावा डोळा ऑपरेशननंतर गेला. आता उजव्यात मोतीबिंदू, ऑपरेशन बुधवारी. हाही गेला तर, हे ते कधी बोलले नाहीत. पण बारा दिवस भिंग घेऊन त्या कोशासमोर स्टुलावर बसत होते. पंखावर रंग कसा चढतो, तेवढं एकदा बघायचं होतं. आदल्या संध्याकाळी मला बोलावून दाखवलंही होतं: सालीआडून पांढऱ्या ठिपक्यांची ओळ दिसायला लागली होती. मी हो हो म्हटलं. कुकर लावायचा होता.

आठ वाजता ते बाहेर आले. फांदीचं कापलेलं टोक बोटाने चाचपलं. मी सांगितलं, काळा पडला होता बाबा, मेला होता.

ते स्टुलावर बसले. आवाज चढवला नाही.

“काळो सगळ्यात शेवटाक चढता गो. वीस वर्सां सांगतंय तुका.”

सांगत होतेच. त्यांच्या खात्यात कापडावर फिकट रंग आधी, काळा शेवटी. घरी आलेल्या प्रत्येकाला चहाबरोबर हे ऐकावं लागे. मी दाराकडे धावले.

बादली अजून दाराशीच होती. झाकण उचललं आणि मी उभीच राहिले. चहाच्या चोथ्यावर फुलपाखरू बसलं होतं. काळंभोर, आणि पंखावर तीच पांढरी ओळ. शेजारी रिकामी साल. पंख पसरायला लटकावं लागतं, तेवढी जागा त्याला मिळाली नव्हती. पिळून तसंच ठेवलेल्या कापडासारखे पंख चुरगळले होते. काकींनी बादली तिरकी धरली. आम्ही त्याला फांदीवर चढवलं. एका बाजूचे पंख उलगडले. दुसऱ्या बाजूचे तसेच वाळले.

सासऱ्यांनी बराच वेळ पाहिलं, मग भिंग मला दिलं. पंखभर बारीक खवले, कौलांसारखे ओळीने, आणि एका खवल्याला एकच रंग. नंतर मी वाचलं: पांढरे खवले आधी तयार होतात, काळ्यांची जागा अगदी शेवटपर्यंत कोरी असते. मी कुजणं समजले, तो छपाईचा शेवटचा हात होता.

“झालेलो रंग बघलंय,” ते म्हणाले. “चढताना बघूक गावलो नाय.”

मग कुंडीकडे बोट दाखवलं. खालच्या पानावर आणखी एक अळी होती, अजून लहान. ती कोशात जाऊन रंग धरेपर्यंत ऑपरेशनची तारीख पुढे ढकल म्हणाले. डॉक्टरांनी उशीर करू नका असं बजावलंय, हे त्यांनाही ठाऊक आहे.

आज सोमवार, संध्याकाळचे साडेपाच. दवाखाना सहाला बंद होतो. यादीत सगळ्यात वर लिहिलंय: दवाखान्यात फोन. पुढे खूण नाही.