आप्पांचा कप, कचरूमामाची बशी

"आप्पांनी मंत्रिपद सोडलं ना, ते तब्येतीमुळं नाय बरं का! ते तर त्या सायकलवाल्या कचरूनं..."

एवढंच कानावर पडलं आणि गिरणीवाल्यानं पट्टा चढवला. पुढचं सगळं ज्वारीबरोबर दळून गेलं. पट्टा थांबेपर्यंत बोलणारी बाई डबा घेऊन गेलेली!

मोठ्या माणसाच्या शेजारी राहिलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत, टाकीखाली शेवाळ धरतं तसे ते आपोआप धरतात. आप्पा दिल्लीत मंत्री झाले, पण घर इथंच, छावणीत, आमच्या भिंतीला भिंत लागून. समोर कचरूमामाचं सायकल दुरुस्तीचं दुकान, त्याला लागून युसूफभाईचं हॉटेल. मधोमध माझा ओटा. मी सातवी शिकलेली, पण आमचे हे म्हणतात, "हिचे कान पदवीधर हायेत."

*

आप्पा आणि कचरूमामा एका वर्गातले. आप्पा जमीनवाल्या घरातले, कचरूमामा खालच्या वस्तीतले. आप्पांच्या घरी तेव्हा मामासाठी कप वेगळा, बाहेर कोनाड्यात ठेवलेला. पोरवयातच आप्पांनी एक दिवस तो कप उचलून अंगणात आपटला आणि मामाला घेऊन थेट युसूफभाईच्या हॉटेलात गेले. खिशात एकाच चहापुरते पैसे. एकानं कपातून प्यायला, दुसऱ्यानं बशीतून.

तीच रीत पडली. पुढच्या वेळी कप त्याचा, बशी याची. आप्पा आमदार झाले, खासदार झाले, मंत्री झाले, पण दिल्लीहून आले की गाडी आधी दुकानापुढं थांबायची. आप्पा बाकड्यावर बसून विचारायचे, "कचऱ्या, आज पाळी कुणाची?" आणि बंदूकवाला शिपाई बघत राहायचा!

*

पहिल्या निवडणुकीत प्रचाराला जीप नव्हती. मामानं सायकलीच्या कॅरिअरवर भोंगा बांधला आणि आप्पांना डबलसीट घेऊन गावोगाव फिरला. अजिंठ्याच्या बाजूला एका चढावर चेन तुटली. लोक वाट बघतायत, आणि उमेदवार सायकल ढकलतोय!

एक म्हातारा धनगर मेंढरं घेऊन चालला होता. म्हणाला, "कुठं चाललात रं?"

"मतं मागायला, बाबा."

"मग ढकला, ढकला! निवडून आल्यावर तुम्ही कुठं ढकलणार? तवा आमीच ढकलायचं!"

हा किस्सा आप्पा स्वतः सांगायचे. हसत सुरू करायचे, म्हाताऱ्याच्या बोलण्यापाशी हसू संपायचं.

*

दिल्लीतल्या पहिल्या भाषणात आप्पा जोशात म्हणाले, "अपने गावांकू पानी नक्को क्या जी?" सगळे हसले. बाहेर एका मोठ्या साहेबानं विचारलं, "ये कौनसी भाषा है?"

"छावणी की," आप्पा म्हणाले. "पानी आया तो सुधार लेंगे!"

पाणी किती आलं ते नळ जाणे. कारखाने मात्र आले. आधी चिकलठाण्याला, मग वाळूजकडं. रानात शेड उभ्या राहिल्या आणि आमच्या गल्लीत माणसांची रांग लागली. ज्याला बघावं तो आक्कांना, म्हणजे आप्पांच्या बायकोला, सांगतोय, "वहिनी, पोराला कंपनीत चिकटवा!"

आक्का एकदा वैतागल्या. "चिकटवायला तो काय पोस्टाचं तिकीट हाय?"

पण पोरं लागली कामाला. एकटा मामा कधी काही मागायला गेला नाही.

*

मामानं मागितलं ते एकदाच.

विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. मामाची लेक निर्मला सासरी, खेड्यात होती. तिचं घर जाळलं. अंगावरच्या लुगड्यानिशी, लेकरं काखेत घेऊन ती बापाच्या दुकानामागच्या खोलीत आली. पुढं कित्येक वर्षं नाव काही लागलं नाही, मोर्चे मात्र निघत राहिले. पोरं लाठ्या खात राहिली.

आप्पा मंत्री झाल्यावर मामा त्यांना म्हणाला, "मला कंपनी नको, प्लॉट नको. भर सभेत एकदा म्हण, नामांतर झालंच पाहिजे. तू म्हणलास तर तुझी माणसं हातातला दगड खाली ठेवतील. माझ्या लेकीला गावाकडं जाता येईल."

आप्पा म्हणाले, "औरंगपुऱ्याच्या सभेत बोलतो."

त्या सभेला मीही गेले. निर्मला पुढं बसलेली, धुतलेलं लुगडं नेसून. आप्पा रस्त्यावर बोलले, धरणावर बोलले, वाळूजच्या कारखान्यांवर तर लई बोलले. टाळ्या पडल्या. नावाबद्दल शब्द नाही. आप्पांना निवडून देणारी मतं नामांतराला विरोध करणाऱ्यांच्याच हातात होती, ते सगळ्या मैदानाला ठाऊक होतं.

निर्मला उठली, पदर झटकला आणि चालायला लागली.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांची गाडी रीतीप्रमाणं दुकानापुढं थांबली. आप्पा बाकड्यावर बसले. पाळी कुणाची ते विचारलं नाही. मामानं चाकातून मान वर न काढता हाक मारली, "युसूफभाई, दोन चाय. दो कपां में!"

युसूफभाईनं दोनदा विचारून घेतलं, मग दोन कप आणून ठेवले. एक आप्पांपुढं, एक मामापुढं. आप्पा त्या कपाकडं बघत बसले. चहावर साय धरली, तरी हात पुढं झाला नाही. मग उठले आणि गाडीत बसले.

पुढच्या महिन्यात पेपरात आलं, तब्येतीच्या कारणावरून राजीनामा.

*

म्हणून गिरणीतलं ते अर्धं वाक्य मला जेवू देईना. वाटीभर विरजण मागायच्या निमित्तानं आक्कांकडं गेले. आडपडदा न ठेवता विचारलं.

"तब्येतीचं खोटं नाय हो," आक्का म्हणाल्या. "त्या चहापासून झोपच नव्हती त्यांना. डॉक्टरनं छातीचं दुखणं सांगितलं. आता कशानं काय झालं, हे तुम्हीच ठरवा."

विरजण घेऊन मी ओट्यावर आले, तर समोर रिक्षा थांबलेली. आप्पा उतरले. ना शिपाई, ना दिवा. सदऱ्यावर चिखल, कपाळाला पट्टी. रिक्षावाला सांगत होता, आप्पा औरंगपुऱ्याच्या चौकात उभं राहून, माईक नसताना, नामांतर झालंच पाहिजे म्हणाले होते. ऐकायला मूठभर माणसं. त्यातल्याच कुणीतरी दगड मारला.

आप्पा बाकड्यावर टेकले. "कचऱ्या, सोडली खुर्ची. बोललो आज."

मामानं पाना खाली ठेवला. "खुर्ची सोड असं मी कधी म्हणलो? खुर्चीवर बसून बोल म्हणलो होतो!"

निर्मला दारात येऊन उभी होती. ती आप्पांच्या कपाळाकडं बघत राहिली. हॉटेलच्या पायरीवर युसूफभाई किटली घेऊन अवघडून उभा. शेवटी त्यानंच विचारलं, "कित्ते कप, मामू?"

मामानं लेकीकडं पाहिलं, मग आप्पांकडं.

"कप एकच," मामा म्हणाला. "बशा दोन."

युसूफभाईनं बशा दोघांपुढं ठेवल्या आणि कप निर्मलाच्या हातात दिला.