साडेपाच फुटांचा बेड

आमच्या ऑफिसात फ्लॅट विकायला वेळ लागतो, किस्से मात्र रोज तयार होतात. त्यांना ना परवानगी लागते ना पार्किंग. मी ऑफिसात फारशी बोलत नाही आणि घरी नवीन सून म्हणून आणखीच कमी बोलते. त्यामुळे सगळा माल माझ्याकडेच पडून राहिला. आता ठेवायला जागा नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

आधी ऑफिस कुठलं ते सांगायला हवं. शिरूरच्या जरा बाहेर, न्हावऱ्याच्या रस्त्याला आबांची सात मजली बिल्डिंग उभी राहते आहे. आबा म्हणजे आमचे बिल्डर. आत्ता-आत्तापर्यंत त्या जमिनीत त्यांचा ऊस होता. अजूनही ते सुपरवायझरला "तिसऱ्या मजल्याला पाणी दिलं का?" असं विचारतात, तेव्हा स्लॅब नसून उसाचा फड आहे असंच वाटतं. बिल्डिंगचं नाव 'सिटी लाइफ'. खाली बोर्ड : 'पुण्याचं जगणं, आता शिरूरमध्ये!'

ते पुण्याचं जगणं आणायला मला नेमलंय. मी हडपसरची, इंटिरियर डिझाइनचा डिप्लोमा केलेली. खरं सांगायचं तर हडपसरला माझं जगणं म्हणजे सिग्नलला थांबणं आणि टँकरची वाट बघणं. पण ते बोर्डावर कसं लिहिणार? म्हणून मी बोर्डावर झाडं, कारंजं आणि लॅपटॉप घेऊन हसणारी बाई काढली.

आबा गिऱ्हाइकांना माझी ओळख करून देतात, "या पुण्याच्या मॅडम." मी नुसती मान हलवते. मला बोलायला सुचत नाही हे त्यांना सांगायचं राहूनच गेलं. एकदा आतल्या खोलीतून ऐकलं, ते कुणाला तरी सांगत होते, "लई हुशार हायत. बोलतच न्हाईत!"

*

आणि या सगळ्यात आमचा एक स्वार्थ आहे, तोही सांगून टाकते.

माझं सासर केडगावजवळ, रानातलं घर. नवरा सचिन शिरूरकडच्या कंपनीत आहे. आम्ही रोज बाइकवरून चौफुल्यामार्गे येतो-जातो. लग्नातल्या साड्या तशाच घडीत आहेत, रेनकोट मात्र दोन झाले. तेव्हा 'सिटी लाइफ'मधला तिसऱ्या मजल्यावरचा एक वन बीएचके आम्ही मनात धरला. मी त्याचा प्लॅनसुद्धा काढून ठेवला. खिडकीत दोघांनी बसायची जागा, दोन कपांचं शेल्फ, दोन खुर्च्यांचं टेबल. सगळं दोघांपुरतं.

सचिननं घरी विषय काढला. नाना, म्हणजे माझे सासरे, गाईंना वैरण टाकत होते. ते म्हणाले, "तुझ्या आईला विचार." सासूबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली, तिला पाणी लावलं आणि म्हणाल्या,

"बघू."

त्या 'बघू'चा अर्थ लावण्यात आमचा अख्खा उन्हाळा गेला. सासूबाई माझ्याहूनही कमी बोलतात. आम्हा दोघींचं दिवसभराचं बोलणं एका चहाच्या कपात मावेल, आणि वर दूध घालायला जागा उरेल.

*

'सिटी लाइफ'च्या फ्लॅटसाठी मी काढलेल्या पहिल्या प्लॅनमध्ये ओपन किचन होतं. पुण्यात सगळ्यांना तेच हवं असतं. इनामगावचं एक कुटुंब बघायला आलं : मुलगा, सून आणि त्यांच्या आजी. मी मोठा श्वास घेऊन समजावलं की भिंत नसल्यामुळे स्वयंपाक करता करता पाहुण्यांशी बोलता येतं.

आजींनी कट्ट्यावरून हॉल बघितला, हॉलमधून कट्टा बघितला. मग हळूच मला विचारलं, "आन् पाव्हण्यांबद्दल बोलायचं आसंल तर?"

मी प्लॅनमध्ये भिंत घातली.

जाताना त्या आजींचा नातू आबांना म्हणाला, "आमच्या गावात उकरलं तवा हजारो वर्सांची घरं निघाली जमिनीतनं. तुमच्या बिल्डिंगची गॅरंटी किती?"

आबा जरासुद्धा गडबडले नाहीत. "वायरिंगची एक वर्स," म्हणाले.

*

ए विंग आधी तयार झाली, लोक राहायलाही आले. तिच्या गच्चीवर मी 'योगा डेक' काढला होता. लाकडासारख्या दिसणाऱ्या टाइल्स, कडेला बांबूच्या कुंड्या, पूर्वेचं ऊन. माझ्या मते ते माझं आजवरचं सगळ्यात चांगलं काम. रात्री झोपताना मी सचिनला त्याचा फोटो दाखवायचे आणि तो दमलेला असूनही "भारी" म्हणायचा.

एप्रिलमध्ये वर गेले. डेकवर या टोकापासून त्या टोकापर्यंत कुरडया. योगासनाच्या चटया अंथरल्या होत्या, त्यांच्यावर पण कुरडया. बांबूच्या कुंड्यांना दोरी बांधून वर ओढण्या टाकलेल्या, कावळे येऊ नयेत म्हणून. मधोमध ए विंगमधल्या बायका बसल्या होत्या.

त्यातल्या एकीनं मला बघितलं आणि सरकून जागा दिली. "या मॅडम. लई इचार करून काढलीय जागा. दिवसभर ऊन हलत न्हाई बघा इथनं."

मी काय करणार? थँक्यू म्हटलं, आणि एक ओली कुरडई खाल्ली.

*

पुण्याहून फक्त एकच गिऱ्हाईक आलं आतापर्यंत. माझ्याच हडपसरचे एक रिटायर्ड गृहस्थ. आबा इतके खूश झाले की त्यांनी स्वतः खुर्ची पुसून दिली. गृहस्थ म्हणाले, शहराचा कंटाळा आलाय, गावाकडं शांत राहावं म्हणतो.

मी त्यांना सगळं दाखवलं. काचेची लॉबी, कारंजं, जिम, लिफ्टमधलं म्युझिक. पुण्याचा माणूस, त्याला तरी माझं काम कळेल म्हणून मी त्या दिवशी चक्क पाच-सहा वाक्यं बोलले.  खाली आल्यावर ते सुस्कारा सोडून म्हणाले,

"अगदी आमच्या सोसायटीसारखं आहे हो."

आणि गेले. आबांनी मला विचारलं, "कौतुक केलं नव्हं?" मी मान हलवली.

*

आता सँपल फ्लॅट. याच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

सँपल फ्लॅट म्हणजे गिऱ्हाइकांना दाखवायला सजवलेलं घर. पुण्यात शिकलेली एक युक्ती मी तिथं वापरली. सँपल फ्लॅटमधलं फर्निचर नेहमीपेक्षा थोडं लहान करायचं, म्हणजे खोली मोठी दिसते. मी बेड लांबीला साडेपाच फुटांचाच करून घेतला. कपाट उथळ, खुर्च्या बुटक्या. नळाला पाणी नाही, टीव्ही पुठ्ठ्याचा. बघणाऱ्यानं लांबून बघावं आणि "वा" म्हणावं, एवढाच त्याचा उपयोग.

पण आमच्याकडं घर बघायला एकटादुकटा कुणी येत नाही. पिकअप भरून भावकी येते. बाहेर चपलांचा ढीग लागतो, आत सगळे खाली मांडी घालून बसतात, कुणीतरी भाकरीचं फडकं सोडतं, आणि मग घराची खरी तपासणी सुरू होते. कपाट उघडून बघतात, भिंतीवर बुक्की मारून बघतात.

एकदा यवतचे एक उंचेपुरे आप्पा आले आणि कुणाला काही न विचारता बेडवर आडवे झाले. पोटरीपासून पुढचे पाय बाहेर. त्यांनी वरच्या पीओपीच्या छताकडं बघत शांतपणे विचारलं, "मॅडम, ही खाट लेकराची का?"

  आबाच मदतीला आले. "आप्पा, हे सँपल हाय. मेडिकलवाल्याकडं सँपलची बाटली बारकीच असती का न्हाई? घेतल्यावर फुल साइज."

त्या दिवशी मी फॉन्ट निवडून, फ्रेम करून बेडच्या वर पाटी लावली : 'कृपया बेडवर झोपू नये.'

*

आणि मग श्रावणात एक दिवस सासूबाई आल्या.

त्यांना शिरूरला डोळ्यांच्या डॉक्टरकडं दाखवायचं होतं. दाखवून झाल्यावर सचिनची शिफ्ट होती, म्हणून तो त्यांना माझ्या ऑफिसात सोडून गेला. जाताना त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मीच ऑपरेशनला निघाले होते. सासूबाई खुर्चीच्या कडेवर बसल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "दाव तरी, कसं असतंय."

मी त्यांना सँपल फ्लॅटमध्ये नेलं. त्या चप्पल बाहेर काढून आत आल्या आणि पदर खोचून हळूहळू फिरल्या. नळ सोडला, पाणी आलं नाही, बंद केला. पुठ्ठ्याच्या टीव्हीवरची धूळ पदरानं पुसली. स्वयंपाकघराची भिंत हातानं चाचपली. खिडकीतून खाली बघितलं. बेडरूमच्या दारात उभ्या राहिल्या आणि दार लावून बघितलं, उघडलं, परत लावून बघितलं. चेहऱ्यावर काहीच नाही. परीक्षेत सर आपल्या पेपरवर वाकून उभे राहतात आणि काही न बोलता पुढं जातात, तसं मला झालं. शेवटी माझ्याच्यानं राहवेना, म्हणून मी म्हणाले, "आई, चहा आणते."

चहा घेऊन आले, तर सासूबाई बेडवर झोपलेल्या.

इथं मला एक सांगायला हवं. आमच्या घरी दारं आहेत, पण ती लावायची पद्धत नाही. दिवसभर कुणी ना कुणी येतं. दूधवाला येतो, भावकीतली माणसं येतात, नानांना दर थोड्या वेळानं चहा लागतो. घरातला एकुलता चांगला बेड लग्नात आम्हाला दिला. सासूबाई स्वयंपाकघरात दाराशी आडव्या होतात, आणि ते दार गोठ्याच्या वाटेवर. त्यांनी दिवसा पाठ टेकलेली मी कधी बघितली नव्हती.

आणि त्या झोपल्या होत्या अगदी मापात. डोकं उशीला, पावलं बरोबर बेडच्या कडेला. माझ्या साडेपाच फुटी बेडवर पुरेपूर मावलेलं पहिलं माणूस. वर माझी पाटी : 'कृपया बेडवर झोपू नये.'

तेवढ्यात आबा गिऱ्हाईक घेऊन आले. नवरा-बायको आणि नवऱ्याची आई. मी दारात हात आडवा धरला आणि ओठांवर बोट ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा मी आबांना गप्प केलं! आबांनी आत डोकावून बघितलं, समजले, आणि मग त्यांनी सगळा फ्लॅट कुजबुजत दाखवला. एरवी ते ट्रॅक्टर चालू असल्यासारखे बोलतात. त्या दिवशी प्रथमच लोकांनी भिंतींवर बुक्क्या मारल्या नाहीत.

नवऱ्याची आई बेडरूमच्या दारात बराच वेळ उभी राहिली. पाटी बघितली, सासूबाईंकडं बघितलं. मग आबांच्या कानाशी जाऊन विचारलं, "ही बाई फ्लॅटसंगं येती का?"

"न्हाई," आबा कुजबुजले. "पर अशी झोप येती."

त्यांनी त्याच दुपारी बुकिंग केलं.

ते गेल्यावर मी बेडच्या पायथ्याशी बुटक्या खुर्चीवर बसून राहिले. चहावर साय आली. ऊन भिंतीवरून खाली सरकलं, तेव्हा सासूबाई जाग्या झाल्या. क्षणभर त्यांना आपण कुठं आहोत ते कळेना. मग उठल्या, चादर ओढून सारखी केली, उशी थोपटली, पदर नीट केला. गार चहा उभ्यानंच प्यायल्या.

मी म्हणाले, "आई, घर कसं वाटलं?"

त्यांनी कप माझ्या हातात दिला. बेडच्या लाकडावरून एकदा हात फिरवला.

"घ्या फ्लॅट," म्हणाल्या. "पर ही खाट दुसऱ्या खोलीत टाक."

आमचा वन बीएचके, त्यात बेडरूम एकच. 

चप्पल घालता घालता त्या थांबल्या. जिन्यात कुणी नाही ना, ते वाकून बघितलं, आणि आमच्या लग्नापासूनचं सगळ्यात मोठं वाक्य बोलल्या,

"आन् हे बघ, नानांना माझ्या खाटेचं इतक्यात काई सांगू नगंस."